एसओएसचं बटण दाबल्यावर पलीकडे कोण असतं? – निर्जन भागात न्यायची संपर्काची उपकरणं

रानवारा

मोबाइलची रेंज कधीच मागे पडलेली आणि जवळचा रस्ता दिवसभराच्या चालीवर, अशा भागात जाताना संकटकाळासाठी काय जवळ ठेवावं हा प्रश्न इथे सतत येतो. उत्तरं वेगवेगळ्या धाग्यांवर विखुरली आहेत, म्हणून हा स्वतंत्र धागा. ज्यांनी ही उपकरणं वापरली आहेत किंवा ज्यांचा शोध-बचाव कामाशी संबंध आहे, त्यांनी अवश्य भर घालावी.

माझं मत आधी मांडतो. उपकरण घेताना आपण वजन बघतो, बॅटरी किती टिकते बघतो, वर्गणी बघतो. त्याआधी हे बघायला हवं, की बटण दाबल्यावर संदेश कुणाच्या हातात पडणार आणि त्या माणसाला आपल्याविषयी काय ठाऊक असणार. बाकी सगळं त्यानंतर.

सगळ्यात साधं साधन म्हणजे पीएलबी, वैयक्तिक बीकन. मुठीत मावतो, वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो, वर्गणी लागत नाही. सील तोडायचं, मोजपट्टीच्या पात्यासारखी गुंडाळलेली अँटेना उलगडून उभी करायची आणि बटण काही सेकंद दाबून धरायचं. दिवा लुकलुकू लागला की ४०६ मेगाहर्ट्झवर सुमारे दर ५० सेकंदांनी अर्ध्या सेकंदाचा, ५ वॅटचा संदेश जायला लागतो. कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचे उपग्रह तो टिपतात, जमिनीवरचं केंद्र तो उलगडतं आणि तो संबंधित देशाच्या बचाव समन्वय केंद्राकडे जातो. संदेशात बीकनचा १५ चिन्हांचा क्रमांक असतो आणि जीपीएस असेल तर ठिकाण. तुमचं नाव किंवा तुम्हाला काय झालंय हे त्यात नसतं. नाव कळतं ते नोंदणीवरून. नोंदणी केली नसेल, तर 'कुठेतरी कुणीतरी संकटात आहे' इतकंच केंद्राला कळतं.

ही व्यवस्था कशी उभी राहिली तेही माहीत असावं. ऑक्टोबर १९७२ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या दोन सदस्यांना घेऊन निघालेलं छोटं विमान अलास्कात बेपत्ता झालं. ३९ दिवस शोध चालला, विमान आजपर्यंत सापडलेलं नाही. विमानात बीकन हवा, आणि तो ऐकायला वर कुणीतरी हवं, या मागणीला त्या घटनेनंतर जोर आला. १९७९ मध्ये अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ ऐन शीतयुद्धात या कामासाठी एकत्र आले. पहिला उपग्रह सोव्हिएत, जून १९८२ मध्ये सोडलेला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कॅनडात कोसळलेल्या विमानातले तिघे त्याच्यामुळे वाचले. मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे. एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखलेल्या देशांनी हरवलेल्या माणसासाठी एक वारंवारता मोकळी ठेवली.

दुसरा प्रकार उपग्रह मेसेंजर. गार्मिन इनरीच, झोलिओ वगैरे. हे दुहेरी असतात, म्हणजे तुम्ही लिहू शकता आणि उत्तरही येतं. एसओएस दाबलं की संदेश एका खासगी प्रतिसाद केंद्रात जातो आणि तिथला माणूस स्थानिक यंत्रणा शोधून तिला उठवतो. यांना वर्गणी लागते आणि ती संपलेली असेल तर एसओएसही जात नाही. निघण्याआधी खातं चालू आहे ना, हे बघाच.

तिसरा उपग्रह फोन. बोलता येतं हा मोठा फायदा. पण नंबर कुणाचा लावायचा ते तुम्हाला माहीत हवं. त्या भागाच्या बचाव केंद्राचा थेट क्रमांक लिहून न ठेवता फोन नेण्यात फारसा अर्थ नाही.

माझी पसंती दुहेरी मेसेंजरला. कारण पुढे चर्चेत येईलच.

कातळकडा

उत्तम धागा. एक शंका. आता मोबाइलमध्येच उपग्रहावरून एसओएस येतं. मग वेगळं उपकरण कशाला वागवायचं?

ध्रुवमत्स्य

कातळकडा, ती सोय चांगली आहे, पण तिच्या मर्यादा समजून घ्या. आयफोन १४ पासून ती आली, नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिका आणि कॅनडात सुरू झाली, नंतर आणखी काही देशांत. सगळ्या देशांत ती नाही. तुम्ही जाणार तो देश यादीत आहे का, हे आधी तपासा. ती ग्लोबलस्टार या कंपनीच्या उपग्रहांवर चालते आणि ६२ अंश अक्षांशाच्या पलीकडे चालेलच असं नाही, हे ॲपलनेच सांगितलंय. म्हणजे ध्रुवाकडच्या मोहिमांना तिचा भरवसा नाही.

दुसरं म्हणजे त्याच फोनवर तुम्ही नकाशा बघता, फोटो काढता, रात्री विजेरी म्हणून तोच वापरता. थंडीत त्याची बॅटरी बघता बघता बसते. काच फुटली की सगळंच संपलं. संकटाचं साधन इतर कशासाठीही न वापरलेलं असावं, असं माझं ठाम मत आहे.

आता उपग्रहांबद्दल थोडं, कारण 'जगभर चालतं' या शब्दांवर लोक फार विसंबतात. इरिडियम या कंपनीचे ६६ उपग्रह सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून ध्रुवांवरून फिरतात आणि संदेश एकमेकांकडे देतात, म्हणून ते खरोखर सगळीकडे पोचतात. ग्लोबलस्टारचे पारंपरिक उपग्रह आरशासारखे वागतात. वर गेलेला संदेश तेव्हाच खाली येतो, जेव्हा त्याच उपग्रहाला एखादं जमिनीवरचं केंद्र दिसत असतं. त्यामुळे महासागरात आणि काही खंडांच्या आतल्या भागांत त्यांच्या सेवेला खिंडारं आहेत. इन्मारसॅट आणि थुराया या कंपन्यांचे उपग्रह भूस्थिर, विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर स्थिर. उत्तर गोलार्धात ते दक्षिणेकडे दिसतात. तुम्ही उंच डोंगराच्या उत्तरेकडच्या उताराखाली अडकलात, तर मधे डोंगर येतो आणि कितीही थांबलात तरी तो उपग्रह सरकणार नाही. इरिडियमचा निदान थोड्या वेळाने डोक्यावरून जाईल.

थुरायाचं आणखी एक. एप्रिल २०२४ मध्ये त्यांचा तिसरा उपग्रह बिघडला आणि आशिया-पॅसिफिकच्या मोठ्या भागातली सेवा बंद पडली. जुन्या माहितीवर विसंबून फोन भाड्याने घेऊ नका.

आणि आकाश दिसणं म्हणजे काय ते नीट लक्षात घ्या. अरुंद घळीत वर फक्त आकाशाची पट्टी असते. ओल्या पानांचं दाट छत सिग्नल खातं. तुमचं स्वतःचं शरीरही खातं. पालथं पडून पोटाखाली धरलेलं उपकरण काही कामाचं नाही. उघड्यावर जायचं, अँटेना सरळ वर, आणि मग हलवायचं नाही. संदेश मिनिटभरात जाईल किंवा अर्धा तास लागेल. तेवढा धीर धरायचा. दर दोन मिनिटांनी बंद-चालू केलं की तो पुन्हा पहिल्यापासून उपग्रह शोधत बसतो.

पायवाट

माझं मत जरा वेगळं आहे. ही यंत्रं आल्यापासून लोक आपल्या कुवतीबाहेरच्या ठिकाणी जायला लागले आहेत. बटण आहे ना, मग हवामान कशाला बघा, नकाशा कशाला शिका. आमच्या पिढीने नकाशा-होकायंत्रावर आयुष्य काढलं. परत फिरायची वेळ कोणती हे डोंगराकडे बघून कळायचं. थकून गेलो म्हणून एसओएस दाबणारे लोक आहेत, आणि त्यांच्यासाठी दुसरे कुणीतरी वादळात जीव धोक्यात घालतात.

दोरखंड

पायवाट काका, तुमची तळमळ पोचली. मी बचाव पथकात स्वयंसेवक आहे. थकून बटण दाबणारेही भेटतात, खरं आहे. पण दुसरी बाजू सांगतो. उपकरण नसलेल्या माणसाचा शोध काय असतो ते मी बघितलंय. कुठून सुरुवात करायची हेच माहीत नसतं. दऱ्या वाटून घ्यायच्या, रात्री बॅटऱ्या घेऊन हाका मारत फिरायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जास्त माणसं, जास्त वेळ, जास्त धोका. ठिकाण माहीत असेल तर शोध संपतो आणि फक्त सुटका उरते. जीपीएस असलेला बीकन साधारण १०० मीटरच्या आत जागा देतो. जीपीएस नसेल तर उपग्रह डॉप्लरवरून, म्हणजे सिग्नलच्या वारंवारतेत पडणाऱ्या फरकावरून, काढतात ती जागा ५ किलोमीटरच्या आसपास. डोंगरात १०० मीटर आणि ५ किलोमीटर यात माणसाच्या जिवाचं अंतर असू शकतं.

आमच्या बाजूने काही सूचना.

बटण दाबलंत तर तिथेच थांबा. दाबून झाल्यावर 'थोडं खाली उतरू' म्हणून निघालेला माणूस शोधणं अवघड असतं. जागा धोक्याचीच असेल, दरड येत असेल, पाणी चढत असेल, तर हला, पण उपकरण चालू ठेवून.

पीएलबी सुरू केला की बंद करू नका. तो ४०६ बरोबरच १२१.५ मेगाहर्ट्झवर मंद सिग्नल सोडतो. तो आता उपग्रह ऐकत नाहीत, फेब्रुवारी २००९ पासून ते बंद झालं. पण जवळ आलेलं हेलिकॉप्टर किंवा जमिनीवरचं पथक त्याच सिग्नलचा माग काढत शेवटचं अंतर गाठतं. धुक्यात, झाडीत तोच उपयोगी पडतो. 'एव्हाना संदेश गेला असेल, बॅटरी वाचवू' म्हणून बंद केलात तर आमचा धागा तुटतो. बॅटरी किमान २४ तास चालेल अशीच बनवलेली असते.

हेलिकॉप्टर दिसलं की दोन्ही हात तिरके वर, इंग्रजी वाय अक्षरासारखे: मदत हवी. एक हात वर, एक खाली: नको. एका हाताने टाटा केल्यासारखं हलवू नका, वैमानिकाला त्यातून काहीच कळत नाही. चटया, टोप्या, रिकाम्या पिशव्या आधी दाबून ठेवा, पंख्याच्या वाऱ्याने त्या वर उडतात आणि वैमानिकाच्या जिवावर बेततं. आणि हे नक्की समजून चाला, की रात्री आणि खराब हवेत हेलिकॉप्टर बहुधा येणार नाही. माणसं पायी येतील. तोवर थंडीत टिकून राहायची सोय तुमच्या पाठीवरच हवी.

ओसरी

इथे सगळे जाणारे लिहीत आहेत. मी घरी थांबणारी. माझ्या भावाच्या बीकनच्या नोंदणीत संपर्कासाठी माझं नाव आहे. रानवारा यांनी विचारलेल्या 'पलीकडे कोण' या प्रश्नाचं निम्मं उत्तर मी आहे, म्हणून लिहिते.

त्याचा बीकन एकदा खरंच सुरू झाला. माझ्या फोनवर अनोळखी परदेशी नंबर आला. मी सहसा असे फोन उचलत नाही, त्या दिवशी उचलला. समोरच्या बाई अतिशय शांतपणे एकेक विचारत होत्या. भाऊ सध्या प्रवासात आहे का? सोबत किती जण? कुठून चढणार होते, कुठे उतरणार होते? तंबू कोणत्या रंगाचा, जॅकेट कोणत्या रंगाचं? कुणाला दमा, मधुमेह, कसली औषधं? किती दिवस पुरेल एवढं अन्न? गाडी कुठे लावली आहे, नंबर काय? जॅकेटचा रंग मला सांगता येईना. निघताना त्याने पाठवलेला फोटो मोबाइलमध्ये होता, तो पाहून सांगितला. (त्याच्या सोबत्याचा घोटा मोडला होता. दोघेही सुखरूप आले.)

तेव्हापासून आमच्याकडे ठरलेलं आहे. निघण्याच्या सकाळी सगळ्यांचा एक फोटो, पूर्ण कपड्यांत, सॅक पाठीवर घेऊन. मार्ग कागदावर, पर्यायी मार्गासकट. आणि सगळ्यात महत्त्वाच्या दोन वेळा: किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर मी काळजी करायची नाही, आणि किती वाजल्यानंतर मी कुणाला फोन करायचा. हे आधी ठरलेलं नसेल तर घरच्या माणसाची काय अवस्था होते ते जाणाऱ्यांना कळत नाही. नकाशावरचा ठिपका चार तास हलला नाही, तर तो झोपलाय, बॅटरी संपलीय की दरीत पडलाय? ठिपक्याकडे बघून ते सांगता येत नाही. ज्यांचं ट्रॅकिंग चालू असतं त्यांनी घरी स्पष्ट सांगून जावं: ठिपका थांबला म्हणजे संकट नव्हे, ठरलेली वेळ उलटली म्हणजे संकट.

आणखी एक विनंती. संपर्कासाठी ज्यांची नावं देता त्यांना ते सांगा तरी. सोबत येणाऱ्याचंच नाव देऊ नका. तोही तुमच्याबरोबर दरीत असेल, तर फोन उचलणार कोण?

रानवारा

ओसरीताई, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद धाग्याच्या वरच हवा होता.

पट्टीबंधन

डॉक्टर म्हणून दुहेरी मेसेंजरच्या बाजूने लिहितो. पीएलबीचा संदेश आला की पथक सगळ्या शक्यता धरून निघतं. हृदयविकाराचा झटका आणि मुरगळलेला पाय, दोन्हींसाठी सिग्नल एकच. चार शब्द लिहिता आले तर स्ट्रेचर न्यायचं की ऑक्सिजन, डॉक्टर हवा की दोरवाले, हे निघण्याआधीच ठरतं. उलट दिशेनेही उपयोग होतो. विरळ हवेत मेंदूला सूज आली असेल तर 'मदतीची वाट बघू नका, आत्ताच खाली उतरवायला लागा' हा सल्ला तिकडून येऊ शकतो, आणि त्याने जीव वाचतो.

एसओएस दाबल्यावर पहिला संदेश काय लिहायचा, ते आधीच ठरवा. माझा क्रम असा: किती जण, कुणाला काय झालं, शुद्धीत आहे का, चालू शकतो का, जागेवर कसला धोका आहे. उदाहरणार्थ 'दोघे. एक पडला, मांडीचं हाड मोडलंय, शुद्धीत, चालता येत नाही. दुसरा ठीक. तंबू आहे. जोराचा वारा.' हे साध्या इंग्रजीत लिहा. अनेक उपकरणांवर देवनागरी उमटत नाही, आणि साध्या एसएमएसमध्येही देवनागरी आली की १६० अक्षरांची मर्यादा ७० वर येते.

पण एक ध्यानात घ्या. मोठी धमनी तुटून रक्त वाहत असेल तर कुठलंही उपकरण वेळेत माणूस आणू शकत नाही. आधी रक्त थांबवायचं, बटण नंतर. दोघे असाल तर दोन्ही कामं एकदम.

नवखा_पांथस्थ

बर्फात जाताना हिमस्खलनाचा ट्रान्सीव्हर सगळे लावतात. तोही बीकनच ना? मग पीएलबी वेगळा कशाला? आणि वॉकी-टॉकीचं काय?

ध्रुवमत्स्य

ही गल्लत धोक्याची आहे, बरं झालं विचारलंत. हिमस्खलनाचा ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर चालतो आणि त्याचा पल्ला काही डझन मीटरचा. बर्फाखाली गाडलेल्या माणसाला त्याच्या सोबत्यांनीच, तिथल्या तिथे शोधावं यासाठी तो असतो. बाहेरच्या जगाला त्याचा आवाजही जात नाही. बर्फात दोन्ही हवेत.

वॉकी-टॉकी गटातल्या गटात उत्तम. पुढचा आणि मागचा माणूस एकमेकांच्या नजरेआड असतील तर मी नेतोच. पण मधे डोंगर आला की संपलं. हौशी रेडिओचा परवाना असेल आणि त्या भागात रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारं यंत्र) असेल तर पल्ला खूप वाढतो, पण तो अभ्यास घरून करून जायचा.

शिट्टीला विसरू नका. आल्प्समधली जुनी खूण: मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. उत्तर मिनिटात तीन. तिला ना बॅटरी लागते ना आकाश.

शिक्कामोर्तब

कायद्याकडे कुणी लक्ष वेधलेलं नाही म्हणून लिहितो. उपग्रह फोन आणि मेसेंजर काही देशांत परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. भारत त्यातलाच. इथे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय उपग्रह फोन वापरता येत नाही, आणि सामानात अशी उपकरणं सापडली म्हणून परदेशी प्रवाशांना विमानतळांवर ताब्यात घेतलं गेलं आहे. मेसेंजर 'फोन नाही' म्हणून सुटतो अशा समजात राहू नका. ज्या देशात जाणार, त्याचा नियम त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर वाचा आणि परवानगी लेखी घ्या. विकणाऱ्या दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

४०६ बीकनची व्यवस्था वेगळी आहे. बीकनचे संदेश बचाव केंद्रांकडे पोचवणारं भारतातलं मिशन कंट्रोल सेंटर बेंगळुरूला, इस्रोकडे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये पीएलबी सर्रास नेतात, नोंदणी मोफत आणि बंधनकारक आहे.

पायवाट

दोरखंड, तुमचा मुद्दा मान्य. ठिकाण माहीत नसलेला शोध मीही एकदा जवळून पाहिला आहे. माझा आग्रह इतकाच की नकाशा वाचता येणाऱ्याच्या हातात हे यंत्र असावं.

मग एक व्यवहाराचं विचारतो. पीएलबी घेतला तर ठेवायचा कुठे?

दोरखंड

अंगावर, काका. सॅकमध्ये कधीच नाही. नदी ओलांडताना पाय सुटला की सॅक आधी सोडायची असते, आणि बीकन तिच्याबरोबर वाहून जातो. खांद्याच्या पट्ट्यालाही नको. जॅकेटचा चेनचा खिसा किंवा कमरेचा पट्टा, जिथे दोन्हीपैकी कुठलाही हात पोचेल. एक हात मोडला असेल तर दुसऱ्याने अँटेना उघडता येते का, हे घरी करून बघा. खरा बीकन उघडायचा नाही अर्थातच. काही उत्पादक सरावासाठी नकली बीकन देतात. आणि गटातल्या प्रत्येकाला तो कुठे आहे आणि कसा चालवायचा ते माहीत हवं. ज्याच्याकडे उपकरण असतं तोच पडतो, असं बऱ्याचदा घडतं.

थंडीचंही बघा. क्लास २ चा पीएलबी उणे २० अंशांपर्यंत चालतो, क्लास १ चा उणे ४० पर्यंत. बहुतेक दुकानांत क्लास २ मिळतो. मेसेंजरच्या चार्जिंगच्या बॅटरीला थंडी आणखी लवकर बाधते, म्हणून रात्री तो झोपण्याच्या पिशवीत आपल्यासोबत.

कातळकडा

सगळ्यांचे आभार, मेसेंजर पक्का केला. शेवटची शंका. मित्राकडे जुना पीएलबी आहे, बॅटरीची मुदत उलटून गेली आहे. तो मला देतोय. घेऊ का?

रानवारा

मुदत उलटलेल्या बॅटरीवर मोहिमेला नेऊ नका. पाच-सात वर्षांची ती मुदत २४ तास चालण्याची खात्री देते. उत्पादकाच्या अधिकृत केंद्राकडून बॅटरी बदलून मिळत असेल तर जरूर घ्या. स्वतः उघडू नका, त्याचं पाणीरोधक सील गेलं की तो बीकन बीकन राहत नाही. सोबत स्व-चाचणी करून घ्या, पण ती सारखी करू नका, दर वेळी बॅटरी थोडी खर्च होते आणि जीपीएसची चाचणी काही मॉडेलांत मोजक्याच वेळा करता येते.

नोंदणी मात्र पहिल्या दिवशी तुमच्या नावावर करा. नाहीतर तुम्ही बटण दाबाल आणि फोन तुमच्या मित्राच्या घरी जाईल, तिथे तो चहा पीत बसलेला असेल आणि केंद्र खोटा अलर्ट समजेल.

बॅटरी बदलून मिळत नसेल तर मित्राला सांगा, नोंदणी रद्द करून बॅटरी अधिकृतपणे काढून घ्यायची आणि मगच टाकायचा. कचऱ्यात तसाच टाकलेला बीकन ढिगाऱ्यात दाबला जाऊन सुरू होतो आणि पथकं कचरा डेपोत माग काढत पोचतात, असं प्रत्यक्ष घडलेलं आहे. त्याच वेळी दुसरीकडे कुणी खरोखर अडकलेलं असू शकतं.